तंबूतले दोन दिवस

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सुरत येथे भरलेल्या सभेत एका शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ती नव्हे. शाळेत मुले मला 'बाई' म्हणतात, गल्लीत 'आपा' म्हणतात आणि भाजीवाला 'बेन' म्हणतो. 'विदुषी' असे मात्र आज प्रथमच चिटणीसांनी म्हटले, आणि ते त्यांनी मागे घ्यावे अशी माझी विनंती आहे. पस्तीस मिनिटांच्या तासाची मला सवय आहे. घंटा झाली नाही तर मी थांबत नाही, म्हणून माझ्यासमोर घड्याळ ठेवण्यात आले आहे, ते मी पाहिले.

ट्रस्टच्या स्वयंसेवकांचे दोन दिवसांचे शिबिर शहराबाहेर, उघड्यावर भरवावे असा ठराव कार्यकारी मंडळापुढे आला आहे, हे आपणांस ठाऊक आहे. ठराव माझाच. मागल्या बैठकीत त्यावर तीन आक्षेप निघाले. एक खर्चाचा. दुसरा मुलीबाळींच्या राहण्याचा. आणि तिसरा असा, की ही चर्चवाल्यांची पद्धत, बाई मस्कतला राहून ती शिकून आल्या, आपल्या ट्रस्टला तिचे काय प्रयोजन? तिसऱ्या आक्षेपात खोटे काहीच नाही. मी ती पद्धत चर्चच्याच मंडळींत पाहिली. ती कशी पाहिली आणि तिच्यातले काय घ्यावे असे मला वाटते, एवढेच आज सांगावयाचे आहे. परंतु त्याआधी घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्यावाचून पुढची कळणार नाही.

ऑगस्ट २००६ मधला पूर ह्या सभेतल्या थोरांपैकी कोणी विसरले असेल असे मला वाटत नाही. उकाई धरणाचे पाणी सोडण्यात आले, तापी शहरात शिरली, आणि रांदेर, अडाजण, नानपुरा, चौक ह्या भागांत घरांचे खालचे मजले पाण्याखाली गेले. वीज नाही, फोन नाही, पिण्याला पाणी नाही. आपले कार्यालय उंचवट्यावर होते, ते कोरडे राहिले. तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. पहिल्याच सकाळी शेसव्वाशे माणसे मदतीला धावून आली. उत्साहाला तोटा नव्हता. आम्ही बायकांनी खिचडी शिजविली, भली मोठी दोन पातेली. आणि ती शिजल्यावर लक्षात आले, की ती न्यावयाची कशात हे कोणी पाहिलेच नाही. अखेर प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली. एकाच गल्लीत आपल्या दोन तुकड्या गेल्या, आणि शेजारच्या गल्लीतले लोक गच्चीवरून हाका मारीत राहिले. दुपारी कोणी डुमसच्या बाजूने एक होडी मिळवून आणली, तर ती चालविणारा माणूस सापडेना. दोन तास ती होडी दोरीने बांधून ठेवलेली होती.

आणि त्या दोन तासांत, कार्यालयाच्या मागच्या पडवीत, प्रकाशाकडचा भोयाचा एक मुलगा बटाटे सोलीत बसला होता. त्याचे वडील तापीतच होडी चालवीत. तीच तापी, पुष्कळ वरची. त्याला कोणी विचारले नाही, आणि मोठ्यांच्या मध्ये बोलावयाचे नाही म्हणून तो आपण होऊन बोलला नाही. संध्याकाळी सहज बोलण्यात ते निघाले. मी त्याच्या शेजारीच बसून कांदे चिरीत होते. हा दोष मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारीत नाही. दोन तास शेजारी बसून मी त्याला त्याचे गावसुद्धा विचारले नव्हते.

असो. पुढे २००९ साली माझ्या यजमानांना मस्कत येथे हिशेबनिसाची नोकरी लागली, आणि मीही तिकडच्या एका भारतीय शाळेत शिकवू लागले. चार वर्षे आम्ही तिथे होतो. परक्या मुलखात पहिले वर्ष फार लांब जाते. माणूस घरी असतो तेव्हा शेजारी, भाऊबंद, मशीद, शाळा हे सारे आपोआप भोवती असते. तिकडे प्रत्येक ओळख हाताने करावी लागते. माझ्याबरोबर शिकविणारी एक वसईची ख्रिस्ती बाई होती. शिक्षकांच्या खोलीत मी एकदा मराठीत स्वतःशीच पुटपुटले, ते तिने ऐकले, आणि तेव्हापासून आमचे डबे एकत्र उघडू लागले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी वर्गात शिकविली होती, आणि रेव्हरंड टिळकांची भजने तिच्या आजीला पाठ होती, एवढ्या भांडवलावर आमची मैत्री जमली.

मस्कतच्या रुवी भागात चर्चला सुलतान काबूस ह्यांनी जमीन दिलेली आहे. एकाच आवारात निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या वेळा वाटून घेऊन उपासना करतात, आणि मुस्लिम देशातील सुट्टीप्रमाणे मुख्य उपासना शुक्रवारी होते. हे मला प्रथम फार नवल वाटले: माझा जुमा आणि तिचा रविवार एकाच वारी! तिच्या मंडळीत केरळचे, तामिळनाडूचे, गोव्याचे, वसईचे आणि फिलिपिन्सचे लोक होते. दर हिवाळ्यात ते दोन दिवस डोंगरात तंबू ठोकून राहत. जानेवारी २०१२ मध्ये तिने आम्हांला सहकुटुंब बोलाविले. (त्या काळी तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे, २०१३ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली.)

मी आढेवेढे घेतले. खरे सांगते, मनात शंका होती. तिथे उपदेश होईल, गाणी म्हणावी लागतील, आणि मग नाही म्हणणे जड जाईल. सासूबाईंना फोनवर सांगितले, तर त्या साक्रीहून म्हणाल्या, "जा, पण जानमाज बरोबर घे." मैत्रिणीला मी शंका बोलून दाखविली. ती म्हणाली, "आमची प्रार्थना आम्ही करू, तुमची तुम्ही करा. भांडी मात्र सगळ्यांनी घासायची."

जागा होती बिरकत अल मौझच्या वरच्या अंगाला. मस्कतहून निझ्व्याच्या रस्त्याने दोनएक तास. 'मौझ' म्हणजे केळ. केळीचे तळे असे त्या गावाचे नाव, आणि खानदेशच्या माणसाला ह्याहून जवळचे नाव कोणते असणार! मागे जबल अखदरचा उघडा, काळपट डोंगर, पायथ्याशी खजुराची हिरवी राई. आम्ही तीसएक जण होतो. तिकडे कोरड्या नदीला वादी म्हणतात. पहिला नियम असा सांगण्यात आला, की वादीच्या पात्रात कोणी तंबू ठोकावयाचा नाही, वाळू कितीही मऊ असली तरी. वर डोंगरात पाऊस पडला तर खाली ढग दिसण्यापूर्वीच लोंढा येतो. मी मनात म्हटले, आम्ही सुरतेची माणसे, आम्हांला हे सांगावयास नको.

शिबिराची पुढारी एक फिलिपिनो परिचारिका होती. बुटकी, हसरी, आवाज मात्र कवायतीच्या मास्तराचा. तिने तंबू ठोकण्यापूर्वीच सगळ्यांना गोल बसविले आणि म्हणाली, नाव सांगू नका, हुद्दा सांगू नका, तुमच्या हातांना काय येते ते सांगा. एकाला दोरीच्या गाठी येत होत्या. एका वकिलाला केस कापता येत होते. माझे यजमान, जे घरी पाण्याचा पेला हाताने घेत नाहीत, ते म्हणाले, "मला स्टोव्ह दुरुस्त करता येतो." बारा वर्षांच्या संसारात मला हे ठाऊक नव्हते. मी म्हटले, पन्नास माणसांचा स्वयंपाक. तिने हे सारे एका वहीत उतरवून घेतले आणि त्या वहीवरून सहा-सहा जणांच्या पाच तुकड्या पाडल्या. मला तत्क्षणी पडवीत बटाटे सोलणारा तो मुलगा आठवला. केवढीशी गोष्ट ती! एक वही आणि पाऊण तास.

संध्याकाळी खेळ झाले. त्यांपैकी काही मला पोरकट वाटले, आणि अजूनही वाटतात. एक खेळ असा, की डोळे मिटून पाठीमागे पडावयाचे आणि मागे उभ्या असलेल्यांनी झेलावयाचे. झेलणाऱ्यांत पुरुष होते. मी नाही म्हटले. क्षणभर सगळे गप्प झाले. तेवढ्यात त्या परिचारिकेने, जणू आधीच ठरले होते अशा सहजतेने, बायकांची रांग निराळी केली. कोणाला कारण विचारले नाही, मला समजूत घालावयास आली नाही. मग मी पडले, आणि मला झेलले. नंतर तिने सर्वांना विचारले, विश्वास कधी वाटला? बाकीचे म्हणाले, झेलले तेव्हा. मला तो रांग बदलली तेव्हाच वाटला होता. पण माझे इंग्रजी त्या वेळी घाईचे नव्हते, म्हणून मी गप्प राहिले.

आता भाताची गोष्ट. आमच्या तुकडीत मोठ्या कंपनीचे एक व्यवस्थापक होते, केरळचे, चर्चमधले मानकरी. हुकूम सोडण्याची त्यांना सवय. मी तांदूळ धूत असताना त्यांनी पाणी मोजले, आणि मी काही बोलण्याआधी ओतलेही. तीस माणसांच्या भाताची पार खळ झाली. काळोख पडला होता, मुले भुकेली होती, दुसरा तांदूळ नव्हता. आता कोणी तरी कोणाला तरी बोलणार, अशी मी वाट पाहत होते. परिचारिका आली, तिने पातेल्यात पाहिले आणि विचारले, "आपल्याजवळ आणखी काय आहे?" आले होते, मिरी होती, डाळ होती. आम्ही ते सारे पातळ करून आटविले. केरळच्या मंडळींनी ते कांजी म्हणून खाल्ले, वसईच्या बाईने पेज म्हणून, मी खिमट म्हणून, आणि फिलिपिनो मंडळींकडेही त्याला त्यांचे एक नाव होते. सकाळी ते व्यवस्थापक माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सिस्टर, तांदळाला पाणी किती?" मी सांगितले. त्या दिवशी त्यांनी आपण होऊन भांडी घासली.

मित्रहो, शिबिराचा उपयोग मला विचाराल तर तो इथे आहे. शिबिरात चूक झाली तर भात बिघडतो. पुरात चूक झाली तर गल्ली उपाशी राहते. जी चूक कधी तरी व्हावयाचीच, ती आधी भातावर होऊन गेलेली बरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी राईच्या कडेला नमाज पढले. तिथेच खाली गावाचा फलज वाहतो. फलज म्हणजे डोंगरातले पाणी उताराने गावात आणणारा पाट. ओमानमधल्या अशा पाच जुन्या फलजांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले, त्यांत बिरकत अल मौझचा फलज अल खतमैनही आहे. एक म्हातारे ओमानी गृहस्थ तिथे बसले होते. माझी अर्धीमुर्धी अरबी आणि त्यांची अर्धीमुर्धी हिंदी. त्यांनी सांगितले, की पाण्याची वाटणी वेळेवर होते; पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजीत. फलजाचा कारभार पाहणाऱ्याला 'वकील' म्हणतात. मी म्हटले, आमच्याकडे वकील आला की पाट बंद पडतो! ते पुष्कळ हसले.

परंतु मला हसताहसता गहिवरून आले, कारण हे सारे मी लहानपणी पाहिलेले होते. माझे माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथली फड पद्धत इथल्या कित्येक वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या शेतांचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. कोणीही आपल्या हाताने पाणी घ्यावयाचे नाही. पाणी देईल तो पाटकरी, राखण करील तो जागल्या, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी द्यावयाचा. पाणी कमी असले तर कोणता फड कोरा ठेवावयाचा हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. आमच्या अब्बांचे दीड बिघे त्यात होते. वरच्या बाजूला पाटलांचे, खालच्या बाजूला माळ्यांचे. तिथे कोणी एकमेकांना पाठीमागे पडून झेलले नव्हते. तरी रात्री दोन वाजता पाळी आली तर पाटकरी हाक मारील, ह्या भरवशावर अब्बा झोपत. आज पाण्याचे पंप घरोघर झाले, पुष्कळ ठिकाणी फड मोडले, आणि आम्ही इकडे उधना-लिंबायतीत येऊन राहिलो. इथे एका मजल्यावर चार बिऱ्हाडे राहतात, पण रात्री दोन वाजता कोणाला हाक मारावी हे ठाऊक नसते.

म्हणून, "ही चर्चवाल्यांची पद्धत" ह्या आक्षेपाला माझे उत्तर आहे ते असे. होय, तंबू आणि खेळ त्यांचे. वाय. एम. सी. ए. ही संस्था १८४४ साली लंडनमध्ये ज्या जॉर्ज विल्यम्स ह्यांनी काढली, ते बावीस वर्षांचे होते आणि कापडाच्या दुकानात नोकरी करीत होते. आपल्या कापड मार्केटात पार्सले बांधणाऱ्या मुलांच्या वयाचे आणि धंद्याचे! आपल्या शाळांतून मुले व्हॉलीबॉल खेळतात, तो १८९५ मध्ये अमेरिकेत वाय. एम. सी. ए. च्याच व्यायामशाळेत निघाला. त्यावर कोणाचा आक्षेप मी ऐकलेला नाही. स्काउटचे पहिले शिबिर बेडन-पॉवेल ह्यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर भरविले. वीसएक मुले होती: निम्मी श्रीमंतांच्या शाळांतली, निम्मी बॉइज ब्रिगेडमधली कष्टकऱ्यांची. बॉइज ब्रिगेड ही चर्चच्या आश्रयाने १८८३ साली ग्लासगोत निघालेली मुलांची संघटना. त्या सर्वांना मिसळून चार टोळ्या केल्या होत्या.

आणि १९४१ साली वेल्समध्ये अ‍ॅबरडोव्ही येथे कुर्ट हान ह्यांनी जे विद्यालय काढले, त्याची हकीकत तर आपल्या पुराशीच जुळते. हान हे हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले शिक्षक. जहाजकंपनीचे होल्ट म्हणून मालक होते, त्यांचे असे पाहण्यात आले, की युद्धात जहाज बुडाल्यावर लहान होड्यांत धट्टेकट्टे तरुण खलाशी आधी धीर सोडीत आणि वयस्क तग धरीत. तेव्हा तरुणांना समुद्रावर आणि डोंगरावर महिनाभर एकत्र राहावयास लावून तयार करावे, अशी ती योजना. शक्ती होती, एकमेकांच्या आधाराने टिकण्याची सवय नव्हती. आपल्या सव्वाशे माणसांचेही तेच झाले होते.

त्यांच्या शिबिरातले सगळेच मी उचलावे असे म्हणत नाही. बक्षिसे वाटली, त्यावरून दोन मुले रडली. ते आपल्याला नको. शेवटच्या सत्रात भाषण फार लांबले. गाण्यांच्या वेळी आम्ही बाजूला चहा करीत बसलो, आणि आम्हांला कोणी ओढून नेले नाही, हे मात्र मला सांगितलेच पाहिजे. पाहुणा म्हणून गेलेल्याला अवघडल्यासारखे होऊ नये, ही कला त्यांना साधली होती. आपल्या ट्रस्टचे काम करणाऱ्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, दोन ख्रिस्ती कुटुंबे आहेत. एकमेकांच्या घरी आपण लग्नाला आणि मयतीला जातो, ही चांगली गोष्ट आहे. पण लग्नात आणि मयतीत कोणाच्या हातांना काय येते हे कळत नाही.

मुलींविषयी आक्षेप घेणाऱ्या बंधूंना मी मान देते, कारण मीही दोन मुलांची आई आणि दोनशे मुलींची बाई आहे. बायकांचे तंबू निराळे राहतील, त्यांत वयस्क बायका असतील, आणि ज्या घरची मुलगी त्या घरचे कोणी यावयाचे म्हणत असेल तर त्याला जागा आहे. मात्र तो नुसता राखण करीत बसणार नाही; त्याचेही नाव वहीत लिहिले जाईल आणि त्यालाही काम मिळेल. खर्चाविषयी एवढेच सांगते, की रौप्यमहोत्सवाच्या मांडवाला आणि हारांना लागतो त्याहून तो कमी येईल. (चिटणीस माझ्याकडे पाहत आहेत, मी हारांवर अधिक बोलत नाही.)

जागा डांगमध्ये, व्याऱ्याच्या पुढे, पूर्णा नदीच्या काठी महाल येथे पाहिली आहे. वनखात्याची शिबिराची सोय तिथे आहे. सापुताऱ्याचेही नाव निघाले होते, पण तिथे बाजार आहे, आणि बाजार असला की कोणी स्वयंपाक करीत नाही. डांगची बोली आपल्या अहिराणीला जवळची, त्यामुळे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही परके वाटणार नाही. तंबू नदीच्या पात्रापासून दूर आणि उंचावर लागतील. नमाजाला, पूजेला, वंदनेला, प्रार्थनेला ज्याची त्याला वेळ आणि जागा मोकळी राहील. पहिली रात्र स्वयंपाकाची. दुसऱ्या दिवशी दोरी, गाठी, चादरीची झोळी करून माणूस उचलणे, आणि नदीत पाणी बेताचे असले तर होडी. होडी शिकविण्याचे काम प्रकाशाच्या त्या मुलाने पत्करले आहे. तो आता दोन मुलांचा बाप आहे आणि पांडेसऱ्यात लूमवर काम करतो. दोन दिवसांचा खाडा तो सोसणार आहे.

नावे कार्यालयात द्यावीत. वही मी आज बरोबर आणली आहे, दाराशी ठेवते. नावापुढे शिक्षण आणि हुद्दा लिहू नये. हातांना काय येते ते लिहावे. प्रत्येकाने एक चादर, एक ताट, एक पेला आणावा. भांडी सगळ्यांनी घासावयाची आहेत, विश्वस्तांनीसुद्धा.